पंप बदलायच्या आधी गेज लावा: जुन्या गाडीचं फ्युएल प्रेशर घरी कसं तपासायचं

बेळगावजवळचा वंटमुरीचा घाट चढताना माझी मारुती इस्टीम तिसऱ्या गिअरला अशी मऊ पडायला लागली की मागनं येणारा माल भरलेला ट्रक लाईट मारून बाजूला हो म्हणायला लागला. धक्का नाही, फटफट नाही, नुसतं पाय दाबला तरी गाडी पुढं जाईना, आणि पाय जरा सोडला की परत बरी. वर सपाटीला काकतीजवळ आलो तर काही झालंच नाही अशी चालायला लागली. २००४ ची गाडी, पेट्रोल, एमपीएफआय, म्हणजे कार्बोरेटर नाही, इंजेक्टर पेट्रोलचा फवारा मारतात. गॅरेजला नेली तर मेस्त्रीनं बॉनेट पण न उघडता सांगून टाकलं, पंप गेला. टाकी उतरवून पंप बदलला, पंधरा दिवस गाडी बरी चालली आणि मग परत तेच, त्याच घाटात.

मग डोकं फिरलं आणि पेट्रोलचं प्रेशर मोजायचा गेज आणून स्वतः बसलो. खरा फॉल्ट काय निघाला ते पुढं येईलच, पण त्या नादात जे शिकलो ते सगळं इथं लिहून ठेवतोय कारण आपल्या भागात अजून झेन, इस्टीम, जुनी वॅगन आर, अल्टो, सँट्रो, एमपीएफआयवाली ८०० आणि ओमनी लई आहेत, आणि सगळ्यांना एकच औषध सांगितलं जातंय, पंप बदला.

शेतात मोटर असलेल्यांना हे समजायला एक मिनिट लागणार नाही. शेवटच्या सरीला पाणी पोचत नाही म्हणून कुणी लगेच मोटर बदलतंय का? आधी व्होल्टेज बघतो, मग फुटव्हॉल्व्ह, मग त्याची जाळी गाळानं भरलीय का, मग मधी कुठं पाईप फुटलाय का, आणि कुणी वरचा व्हॉल्व्ह उघडा ठेवून पाणी भलतीकडं सोडलंय का. गाडीत पण अगदी हेच सगळं आहे. टाकीतला पंप म्हणजे मोटर, त्याच्या खाली जाळी, आत चेक व्हॉल्व्ह म्हणजे फुटव्हॉल्व्ह, मधी फिल्टर, पुढं इंजेक्टरची रेल म्हणजे सगळ्या इंजेक्टरना पेट्रोल वाटणारी नळी, आणि रेलच्या टोकाला रेग्युलेटर, जो जास्तीचं पेट्रोल परत टाकीत सोडतोय. प्रेशर कमी म्हणजे यातलं काहीतरी एक बिघडलंय, कुठलं ते गेज आणि मीटर सांगतंय, कान आणि अंदाज नाही.

एक गोष्ट आधीच. हे सगळं पेट्रोल इंजेक्शनच्या गाड्यांबद्दल आहे. कॉमन रेल डिझेल असेल तर घरी हात लावू नका, तिथं हजार बारच्या वर प्रेशर असतंय आणि बारीक फवारा कातडीतनं आत घुसतोय, हात कापायची पाळी येते, मस्करी नाही. आणि कार्बोरेटरची जुनी ८०० किंवा पद्मिनी असेल तर तिचा पंप इंजिनवरच असतो, डायफ्रामचा, प्रेशर जेमतेम ०.२-०.३ बार. तिथं या लेखातल्या गेजचा काटा हलणार पण नाही. डायफ्राम फाटलाय का, पाईपला चीर पडून हवा ओढतोय का आणि कार्बोरेटरच्या बाऊलमध्ये पेट्रोल येतंय का एवढं बघायचं, विषय संपला.

आधी खात्री करा की रोग पेट्रोलचाच आहे

पेट्रोल कमी पडलं की गाडी हळूहळू मऊ होते, जसा नळाचा जोर कमी होतो तशी. प्लग, कॉईल, प्लगची वायर यांचा फॉल्ट असला की खटखट झटके बसतात, एकदम तुटक. क्लच घसरत असेल तर इंजिनचा आवाज वाढतो आणि गाडी वाढत नाही, ते पेट्रोल नव्हे. एअर फिल्टर काढून उन्हात धरून बघा, उजेड आरपार दिसत नसेल तर आधी तो बदला, शे-दोनशेचं काम आहे.

सकाळी पहिल्या स्टार्टला सेल्फ लई वेळ मारावा लागतोय पण चावी दोन-तीनदा ऑन-ऑफ करून मग सेल्फ मारला की लगेच लागते, हे प्रेशर रात्रभरात उतरत असल्याचं पक्कं लक्षण. टाकी पाव भागाच्या खाली आली की वळणावर गाडी अडखळते, हे जाळीचं किंवा टाकीच्या तळातल्या घाणीचं. सपाटीला बरी, चढाला मेली, हे व्हॉल्यूमचं, म्हणजे पेट्रोल पुरेसं पोचत नाही, दोष फिल्टर, जाळी, पंप किंवा करंटचा.

गॅस किट असलेल्यांना फुकटची टेस्ट आहे. तोच घाट एकदा गॅसवर चढा आणि एकदा पेट्रोलवर. गॅसवर सरळ चढली आणि पेट्रोलवर मेली तर प्लग-कॉईल, क्लच, सायलेन्सर सगळे सुटले, राहिलं फक्त पेट्रोलचं. पण गॅसवाल्यांचीच एक वाईट सवय, महिनोनमहिने टाकीत लिटर-दोन लिटर पेट्रोल ठेवून गाडी पळवायची. टाकीतला पंप पेट्रोलनंच गार राहतोय, काही किटमध्ये गॅसवर चालताना पण तो फिरतच असतो, मग कोरडा फिरून जळतोय. पाव टाकी कायम ठेवा.

आणि हसू नका, पण काट्यावर विश्वास न ठेवता आधी पाच लिटर पेट्रोल टाका. जुन्या गाडीचा फ्लोट अडकतो, काटा पाव दाखवतो आणि आत खडखडाट असतोय. माझ्या मेव्हण्यानं संकेश्वरजवळ एकदा असाच अर्धा दिवस घालवलाय, मेस्त्री बोलवून.

कान, फ्यूज, रिले

टाकीचं झाकण उघडून एकाला तिथं कान देऊन उभा करा आणि दुसऱ्यानं चावी ऑन करायची, सेल्फ मारायचा नाही. दोन-तीन सेकंद घूंऽऽ असा आवाज येऊन बंद झाला पाहिजे. आवाज आला म्हणजे पंप चांगला असं नाही, पंपापर्यंत काहीतरी करंट जातोय एवढंच कळतं. आवाज चिरका किंवा कण्हल्यासारखा येत असेल तर जाळी तुंबलीय किंवा करंट कमी पडतोय अशी शंका धरायची. झाकण उघडताना जोरात सुस्स करून हवा आत ओढली गेली तर टाकीचा श्वास बंद झालाय, झाकण नुसतं सैल ठेवून एक चक्कर मारून बघा, कधी कधी फॉल्ट तिथंच सापडतो.

आवाज अजिबात नसेल तर फ्यूज काढून डोळ्यानं बघा आणि त्याचे पाय हिरवे-काळे पडलेत का ते पण बघा. रिले म्हणजे पंपाला करंट देणारा छोटा स्विच, त्यासाठी सोपा मार्ग म्हणजे त्याच गाडीतला तसाच दुसरा रिले अदलाबदल करायचा, पण वरचा नंबर अगदी सेम असेल तरच. रिले काढल्यावर सॉकेटमधी टॉर्च मारा, एखादा पाय तपकिरी झालेला किंवा प्लॅस्टिक वितळलेलं दिसलं तर तिथं गरम होतंय म्हणजे तिथं व्होल्टेज मरतंय. हे लक्षात ठेवा, पुढं कामाला येणार आहे.

पाईप उघडायच्या आधी

हा भाग वगळून पुढं जाऊ नका. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती वर उडून जात नाही, जमिनीलगत सरपटत जाते आणि दहा-पंधरा फुटांवरच्या ज्योतीला पण जाऊन भेटते. आपल्याकडं घरं खेटून, गाडी अंगणात, स्वयंपाकघराचं दार अंगणात, मागं बंब किंवा गीझर, आणि संध्याकाळी तुळशीपुढं दिवा. म्हणून हे काम सकाळी, उघड्यावर, आणि घरात सांगून. मी आईला आधीच सांगून ठेवलेलं की आज मी हात धुवून आत येईपर्यंत तुळशीपाशी उदबत्ती पण नको. शेजारच्या काकांना बिडी घेऊन बघायला यायची सवय आहे, त्यांना लांबनंच नमस्कार.

इंजिन पूर्ण गार पाहिजे. एबीसी पावडरचं फायर सिलेंडर हाताशी, पाण्याची बादली नव्हे, पाण्यावर पेट्रोल तरंगून आग पसरते. चष्मा घाला. उजेडाला एलईडी टॉर्च, वायरचा बल्ब नको, तो फुटला की संपलं.

मग लाईनमधलं प्रेशर उतरवायचं. पंपाचा रिले किंवा फ्यूज काढा, गाडी स्टार्ट करा, ती लाईनमधलं उरलेलं पेट्रोल पिऊन आपोआप बंद पडेल, त्यावर दोन-तीनदा सेल्फ मारा. मग चावी काढून बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडा. तरी पाईप सोडताना जाड सुती कापड गुंडाळूनच सोडायचा, थोडं पेट्रोल येणारच. ते कापड बाहेर मोकळ्या हवेत पसरून वाळवा, गोळा करून कोपऱ्यात टाकू नका.

गेज लावणं

० ते ७ बार म्हणजे ० ते १०० पीएसआयचं फ्युएल प्रेशर किट ऑनलाईन मिळतं, टी-जॉईंट आणि निरनिराळे अडॅप्टर सोबत येतात. माझ्या किटमधला एकही अडॅप्टर इस्टीमला धड बसला नाही. गेज आणि जुना जॉईंट घेऊन उद्यमबागला गेलो, तिथल्या एका टर्नरनं दोन्ही हातात फिरवून बघितलं, पितळेचा तुकडा लेथला लावला आणि चहा येईपर्यंत मापाचा टी करून दिला. बेळगावात राहायचा हा एक फायदा आहे, फौंड्री आणि लेथच्या गावात अडॅप्टर मिळाला नाही म्हणून काम अडत नाही.

टी बसवायचा तो फिल्टरच्या पुढं आणि इंजेक्टरच्या रेलच्या आधी, जिथं रबरी पाईप असतोय तिथं. पाईप इंजेक्शनचाच वापरा, अंगावर एसएई जे३० आर९ असं छापलेलं असतं. साधा कार्बोरेटरचा किंवा पारदर्शक नळीचा तुकडा ३ बारला फुगून सुटतो. क्लिप पण इंजेक्शनची, गुळगुळीत पट्टीची. बँजो बोल्टचा, म्हणजे आतनं पेट्रोल जाणाऱ्या पोकळ बोल्टचा, जॉईंट सोडला असेल तर दोन्ही बाजूचे वॉशर नवीन टाका, जुने परत बसवले तर झिरपणारच.

पाईप उघडलेलाच आहे तर रबर दाबून बघा. चिकट, मऊ, नाहीतर वाकवल्यावर बारीक चिरा दिसायला लागल्या तर बदलून टाका. २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल फेब्रुवारी २०२३ पासून पंपावर यायला लागलं, आणि आपल्या वीस वर्षं जुन्या गाड्यांचं रबर काय त्या हिशोबानं बनवलेलं नव्हतं. ऊस आपलाच, कारखाने आपल्याच जिल्ह्यातले, त्यामुळं तक्रार पण कुणाकडं करायची म्हणा. इथेनॉल पाणी ओढून घेतं, म्हणून खानापूर-जांबोटीकडं पावसाळाभर गाडी उभी राहत असेल तर काचेच्या बाटलीत थोडं पेट्रोल काढून तासभर ठेवून बघा, खाली वेगळा गढूळ थर बसला तर आधी टाकी साफ करा.

गेज बसला की बॅटरी जोडा, रिले लावा, चावी ऑन-ऑफ तीन-चार वेळा करा आणि प्रत्येक जॉईंटवर कोरडा कागद फिरवा. कागद ओला झाला तर थांबा, पुढं जाऊ नका.

काटा काय सांगतोय

मारुतीच्या त्या काळच्या परतीच्या पाईपवाल्या एमपीएफआय गाड्यांचे आकडे असे. चावी ऑन, पंप चालू, इंजिन बंद असताना २.७ ते ३.१ किलो. इंजिन आयडलला, म्हणजे पाय न दाबता नुसतं चालू असताना, २.१ ते २.६. बंद केल्यावर एका मिनिटानं २ च्या वर. गेज पीएसआयचा असेल तर १ बार म्हणजे १४.५ पीएसआय, आणि किलो व बार आपल्या कामापुरते एकच धरा. तुमच्या गाडीचा आकडा मात्र तिच्या सर्व्हिस मॅन्युअलमधनंच घ्या. काही गाड्यांत रेग्युलेटर टाकीतच असतोय, परतीचा पाईप आणि व्हॅक्यूमची नळी नसतेच, तिथं प्रेशर आयडलला पण तेवढंच राहतं, ते बघून फॉल्ट समजू नका.

आयडलला कमी का होतं ते समजून घ्या, कारण इथंच बहुतेक लोक घोळ घालतात. रेग्युलेटरच्या डोक्यावर इंटेक मॅनिफोल्डमधनं, म्हणजे इंजिनात हवा जाते त्या वाटेतनं, एक बारीक नळी येते. आयडलला मॅनिफोल्डमध्ये व्हॅक्यूम जास्त, तो डायफ्राम ओढून धरतो, प्रेशर कमी होतं. पाय दाबला की व्हॅक्यूम जातो आणि प्रेशर वाढतं. म्हणजे चढाला पूर्ण पाय दाबल्यावर काटा वर गेला पाहिजे. तिथं तो नुसता जागेवर राहिला तरी शंका घ्यायची, खाली आला तर प्रश्नच मिटला.

आयडलला ती नळी रेग्युलेटरवरनं काढा आणि नळीच्या तोंडाला बोट लावा. काटा टुणकन पाव-अर्धा किलो वर गेला पाहिजे. नळी काढल्यावर आत पेट्रोल ओलं दिसलं किंवा वास आला तर रेग्युलेटरचा डायफ्राम फाटलाय, पेट्रोल सरळ इंजिनात ओढलं जातंय. काळा धूर आणि कमी अ‍ॅव्हरेज त्याचंच. दुसरं काही तपासू नका, आधी तो बदला.

माझ्या गाडीचे आकडे होते चावी ऑनला २.३ आणि आयडलला १.९. दोन्ही कमी. पण खरा तमाशा घाटात बघायचा होता.

गेज काचेवर, मेव्हणा शेजारी

उभ्या गाडीवर रेस करून चढाची परीक्षा होत नाही, इंजिनाला लोड नसतोच. म्हणून गेजचा पाईप बॉनेटच्या मागच्या फटीतनं बाहेर काढून गेज पुढच्या काचेवर बाहेरच्या बाजूनं वायपरखाली टेपनं चिकटवला. पेट्रोलचा पाईप केबिनच्या आत घ्यायचा नाही, कुणी कितीही सांगितलं तरी. पाईप सायलेन्सरच्या मॅनिफोल्डपासून आणि फॅन बेल्टपासून लांब बांधा, आणि एक किलोमीटर गेल्यावर थांबून परत कागद फिरवा.

चालवणाऱ्यानं रस्ता बघायचा, गेज दुसऱ्यानं. मेव्हण्याला बसवलं. हत्तरगीकडनं वळून वंटमुरी चढायला लागलो, तिसरा गिअर, पाय पूर्ण खाली. मेव्हणा मोठ्यानं आकडे वाचायला लागला, एक नऊ, एक आठ, एक सहा... आणि मग, "दाजी, काटा खालीच चाललाय की ओ! एक तीन!" त्याच क्षणी गाडी मऊ पडली. दीड महिना जे नुसतं जाणवत होतं ते काट्यावर दिसलं, खरं सांगतो, फॉल्ट सापडला नव्हता तरी बरं वाटलं.

आता कुणाचा दोष

गाडी अंगणात, इंजिन आयडलला, आणि परतीचा रबरी पाईप पक्कडीच्या जबड्याला कापड गुंडाळून एक-दोन सेकंदच दाबायचा. जास्त नाही, आणि रबर कडक झालेलं असेल तर अजिबात नाही, ते तिथंच तडकेल. काटा झपकन ४-५ च्या वर जायला निघाला तर सोडा, पंप, फिल्टर, जाळी, करंट सगळं ठीक आहे, रेग्युलेटरच जास्त पेट्रोल परत सोडतोय. काटा वर जायला तयारच नसेल तर रेग्युलेटर निर्दोष, मागं शोधा. माझा काटा रेंगाळत ३ पर्यंत गेला आणि थांबला. नवीन पंप, आणि ३?

उलटा फॉल्ट पण असतो, सगळीकडंच आकडे जास्त, तर परतीची लाईन कुठंतरी चेपलीय. गाडीखाली दगड लागून चेपलेला पाईप आमच्या यळ्ळूरच्या रस्त्यावर काही नवलाचा नाही.

सकाळच्या स्टार्टिंगची तक्रार असेल तर गळती कुठनं ते असं काढा. चावी ऑन करून काटा वर येऊ द्या आणि पंप थांबल्याबरोबर पंपाकडनं येणारा पाईप टी च्या मागं दाबून धरा. आता काटा टिकला तर पंपातला चेक व्हॉल्व्ह गळतोय, आपला फुटव्हॉल्व्ह. नाही टिकला तर परत प्रेशर करून यावेळी परतीचा पण सोबत दाबा, आता टिकला तर रेग्युलेटर. दोन्ही दाबून पण काटा पडतोय तर एखादा इंजेक्टर थेंब थेंब गळतोय, प्लग काढून बघा, एकच प्लग काळा ओला असेल, आणि ऑईलच्या डिपस्टिकला पेट्रोलचा वास येत असेल तर इंजेक्टर होईपर्यंत गाडी चालवू नका, ऑईल पातळ होऊन बेअरिंग खातंय.

मीटर, आणि इथंच माझा फॉल्ट

फिल्टर मी आधीच बदलला होता, बाणाची दिशा इंजिनकडं बघून. म्हणून आता करंट. दोनशे-तीनशेचा मल्टीमीटर चालतो, डीसी २० व्होल्टवर ठेवा. पंपाचा कनेक्टर कुठं आहे ते गाडीवर अवलंबून, काहीत मागच्या सीटखाली झाकण असतं, काहीत डिकीत गालिच्याखाली वायर येते. कनेक्टर काढायचा नाही, जोडलेला असतानाच मागच्या बाजूनं टाचणी घालून मोजायचं, इंजिन चालू ठेवून. टाकीच्या तोंडाजवळ हे करत असाल तर पेट्रोलचा वास येत नाही ना ते आधी बघा, आणि दोन टाचण्या एकमेकींना लागू देऊ नका.

बॅटरीवर १४.० आणि पंपावर १०.७. सव्वातीन व्होल्ट मधीच गायब.

गेले कुठं ते शोधायला मीटरची लाल वायर बॅटरीच्या पॉझिटिव्हला, काळी पंपाच्या पॉझिटिव्ह वायरला, सगळं चालू असताना. मीटर जो आकडा दाखवेल तेवढे व्होल्ट त्या वाटेत मरतायत. अर्ध्या व्होल्टपर्यंत चालवून घ्या. मला ०.६ आला, म्हणजे थोडं जास्त, रिले सॉकेटचा एक पाय काळा होता तो साफ करून जरा आवळला. मग पंपाच्या अर्थ वायरपासून बॅटरीच्या निगेटिव्हपर्यंत मोजलं. तिथं ०.२ च्या वर काही नको. मला आला २.७.

हीच मोजणी मी आधी ओहमवर केली होती आणि फसलो होतो. अर्थची वायर बॉडीशी बीप करत होती, मीटर पाऊण ओहम दाखवत होता, म्हटलं एवढं तर मीटरच्या वायरीचं पण असतंय. पण पंप चार अँपिअर ओढतो, पाऊण ओहममधनं चार अँपिअर गेले की तीन व्होल्ट तिथंच जातात. म्हणून करंट चालू असतानाच व्होल्टमध्ये मोजा, बीपवर जाऊ नका.

अर्थचा बोल्ट डिकीत गालिच्याखाली होता. मागच्या काचेच्या रबरातनं पावसाचं पाणी झिरपून तिथं डबकं होत असणार, बोल्टच्या खाली वायरची रिंग आणि पत्रा यांच्यामध्ये गंजाचा तपकिरी पापुद्रा, नखानं निघाला. पंप बदलणाऱ्यानं तो बोल्ट बघायचं कारणच नव्हतं, त्याचं काम टाकीत होतं. टाकी उतरवताना वायरी हलल्या, गंज जरा घासला गेला, म्हणून ते पंधरा दिवस गाडी बरी चालली असणार. बॅटरीची वायर सोडून, पॉलिश पेपरनं पत्रा चकचकीत होईपर्यंत घासला, रिंग घासली, नवीन बोल्ट, वर व्हॅसलीन.

पंपावर आता १३.५. चावी ऑनला २.९, आयडलला २.४. दुसऱ्या दिवशी पुन्हा मेव्हण्याला घेऊन घाट, आणि काटा २.९ ला जाऊन उभा राहिला. मेव्हणा म्हणाला, "आता काय वाचू? हलायचं नावच घेईना."

व्होल्टेज बरोबर, रेग्युलेटर बरोबर, फिल्टर नवीन, आणि तरी काटा कमी, तर मग एक शेवटची मोजणी करा, व्हॉल्यूमची. परतीचा पाईप लोखंडी कॅनमध्ये सोडायचा, उघड्यावर, आणि पंप ३० सेकंद चालवायचा. रिलेवाटे पंप सलग चालवायची जोडणी करायला येत नसेल तर हे गॅरेजात करा. अर्धा लिटरच्या आसपास आलं पाहिजे, अगदीच कमी आलं किंवा बुडबुडे यायला लागले तर आता टाकी उतरवा. पण पंप बाहेर काढला की आधी खालची जाळी बघा. पांढरी असायची ती काळी-तपकिरी झाली असेल तर जाळी आणि टाकीची सफाई केल्याशिवाय नवीन पंप टाकू नका, त्याचा पण घसा तसाच दाबला जाईल. आणि पंप टाकायचाच असेल तर नंबर बघून घ्या, ओमनीचा आहे, बसतंय की, असं सांगून दिलेला पंप बसतो खरा पण प्रेशर बसत नाही.

काम झाल्यावर टी काढायच्या आधी पुन्हा प्रेशर उतरवा, रिले काढून. हे लोक विसरतात, सुरुवातीला केलं होतं म्हणून, आणि डोळ्यात फवारा घेतात. सगळं जोडून झालं की परत कागद, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी हलवायच्या आधी खाली फरशीवर डाग पडलाय का ते बघा.